स्वतःची जीवनदृष्टी घडवताना: तत्त्वज्ञानाची पद्धत, क्रमाने

अमळनेरच्या आमच्या अभ्यासगटात दरवर्षी नवी माणसं येतात आणि ‘माझी जीवनदृष्टी’ म्हणून दोन-चार पानं लिहून आणतात. पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं. ‘मी अद्वैत मानतो.’ ‘मी नास्तिक आहे.’ ‘माझा फक्त विज्ञानावर विश्वास आहे.’ म्हणजे जे वाक्य सगळ्यात शेवटी यायला हवं तेच सुरुवातीला येऊन बसतं. मग उरलेली पानं त्याला आधार गोळा करण्यात जातात. रोजचे निर्णय ज्या मतांवर होतात, ती मतं कागदावर उतरतच नाहीत.

माणसं हुशार असतात, वाचनही भरपूर असतं. चुकतो तो क्रम. म्हणून हा लेख क्रमावर आहे.

## आधी ठरवा: तत्त्वज्ञानाकडून काय हवं आहे

चार गोष्टी मागता येतात. आपण जे मानतो ते नेमकं काय हे स्पष्ट होणं. त्याला आधार आहे की नाही हे कळणं. आपली मतं एकमेकांशी भांडतात का हे दिसणं. आणि कसं जगावं याचं असं उत्तर मिळणं, की कोणी ‘का?’ विचारलं तर कारण देता येईल.

केळीच्या पानावर कसला रोग आला हे तत्त्वज्ञान सांगणार नाही, त्यासाठी कृषी विज्ञान आहे. दुःखात धीरही ते लगेच देत नाही. घरात नुकताच मृत्यू झाला असेल किंवा कर्जाचा फास बसला असेल, तर हे काम चार-सहा महिने पुढे ढकला. अशा वेळी मन जे उत्तर हवं असतं तेच शोधतं.

## तयारी

एक जाड वही घ्या. डाव्या पानावर लिहायचं, उजवं पान कोरं ठेवायचं. ते नंतर तपासणीसाठी लागतं. मोबाइलमध्ये लिहू नका. तिथे जुनं वाक्य पुसलं जातं, आणि या कामात जुनं वाक्य दिसत राहणं फार महत्त्वाचं आहे.

एक सोबती शोधा, पण तुमच्याशी न पटणारा. रोज देवळात जाणाऱ्याने देव न मानणारा मित्र निवडावा, आणि उलट. दोघं एकाच विचाराचे असले की तपासणीच्या जागी कौतुक सुरू होतं.

संदर्भाला मराठी विश्वकोश पुरेसा आहे. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी शेजारच्याच धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. एखादी संज्ञा अडली तर दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश उघडा. अमळनेरकरांना प्रताप शेठजींनी १९१६ साली काढलेली तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्याससंस्था ठाऊक असतेच, आणि साहजिकच ग्रंथांपासून सुरुवात करावीशी वाटते. तो मोह आवरा. पहिल्या तीन पायऱ्या पुस्तक मिटून करायच्या आहेत.

खबरदारी: ‘आता सगळ्यावरच संशय घेतो’ असं म्हणून बसू नका. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ मध्ये छापलेल्या ग्रंथात सार्वत्रिक संशय वापरला, पण ती ठरवून, एका हेतूने केलेली कसरत होती. आपल्याकडे न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा आणि ज्ञानाचा विचार करणाऱ्या जुन्या दर्शनात, संशय हा स्वतंत्र पदार्थ (विचाराचा विषय) आहे, आणि त्याच्या लगेच पुढे येतो ‘प्रयोजन’, म्हणजे हेतू. शंका घ्यायला कारण हवं आणि तिच्या उत्तराने काहीतरी बदलणार हवं. ज्या प्रश्नाच्या उत्तराने तुमच्या वागण्यात काहीच फरक पडणार नाही, तो सध्या बाजूला ठेवा.

## १. जगण्यातली मतं पकडा

‘मी काय मानतो?’ असा थेट प्रश्न स्वतःला विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी भाषणासारखं येतं. उलटीकडून या. गेल्या वर्षातले पाच निर्णय लिहा: पैसा कुठे घातला, कोणाशी बोलणं बंद केलं, मुलीच्या शिक्षणाचं किंवा लग्नाचं काय ठरवलं, कोणाला मदत नाकारली, आजारपणात आधी कुठे गेलो. प्रत्येकाखाली एकच ओळ भरा: ‘म्हणजे मी असं मानतो की…’

रावेर-यावल भागातलं उदाहरण घेऊ. मे-जूनच्या वादळात निसवलेली (घड बाहेर पडलेली) केळीची बाग आडवी होते. घड जमिनीला टेकलेले, खोडं मधूनच मोडलेली, ठिबकच्या नळ्या खाली दबलेल्या. बांधावर उभा राहून शेतकरी म्हणतो, ‘नशिबात होतं ते झालं.’ आदल्या वर्षी हीच बाग उत्तम आली, तेव्हा तोच म्हणाला होता, ‘रात्र रात्र जागून पाणी दिलं, कष्टाचं फळ मिळालं.’ आणि शेजाऱ्याची बाग पडली तेव्हा? ‘त्यानं लक्षच दिलं नाही.’

तीन प्रसंग, तीन मतं: यश कष्टाने येतं, अपयश नशिबाने येतं, आणि दुसऱ्याचं अपयश त्याच्या आळसाने येतं. तिन्ही एकाच माणसाची, आणि तिन्ही तो मनापासून मानतो. वहीत ती एकाखाली एक आली की अस्वस्थ वाटतं. ती अस्वस्थता हवीच आहे. लगेच सारवासारव करून तिन्ही जुळवू नका, तशीच लिहून ठेवा.

तपासा: तुमची पाच वाक्यं घरातल्या माणसाला दाखवा. ‘हो, तू असाच वागतोस’ असं ते म्हणाले तर पुढे चला. ‘हे छान लिहिलंय’ म्हणाले तर पुन्हा लिहा.

## २. शब्द मोकळे करा

आता प्रत्येक वाक्यातला सगळ्यात वजनदार शब्द अधोरेखित करा. कष्ट, नशीब, न्याय, संस्कार, समाज, प्रगती असे शब्द निघतील. एकेक घेऊन विचारा: मी हा कशाकशासाठी वापरतो?

‘समाज’ घ्या. ‘समाजासाठी काहीतरी केलं पाहिजे’ या वाक्यात तो सगळ्या माणसांसाठी आहे असं वाटतं. ‘समाजाचं मंगल कार्यालय’ म्हटलं की तो आपल्या जातीपुरता होतो. ‘समाज काय म्हणेल’ यात तर तो गल्लीतल्या दहा-वीस घरांवर येतो. एकाच माणसाच्या एकाच परिच्छेदात हे तिन्ही अर्थ सापडतात, आणि मग ‘मी समाजासाठी जगतो’ हे वाक्य खरं की खोटं हे तपासताच येत नाही. जिथे जो अर्थ आहे तिथे तो सरळ लिहा: ‘माझ्या जातीच्या लोकांसाठी’, ‘गावासाठी’, ‘कोणाही माणसासाठी’. लिहिताना संकोच वाटला तर तोही नोंदवा. तुम्ही खरंच काय मानता हे त्यातूनच कळतं.

व्याख्या करून थांबू नका, तिला मोडणारं उदाहरण शोधा. सॉक्रेटिसची सगळी पद्धत इथे होती: समोरच्याने व्याख्या दिली की ती जिथे बसत नाही असा प्रसंग पुढे करायचा. ‘कष्ट म्हणजे शरीर झिजवणं’ असं लिहिलंत, तर बाजारभाव पाहत रात्रभर जागणारा कष्ट करतो की नाही? धुळ्याला हॉस्टेलवर राहून परीक्षेची तयारी करणारी मुलगी?

नेहमीची चूक: शब्दकोशातली व्याख्या उतरवणं. इतर लोक तो शब्द कसा वापरतात ते कोश सांगतो. तुम्हाला तपासायचाय तुमचा वापर.

## ३. ‘आहे’ आणि ‘असावं’ वेगळं करा

या पायरीवर सर्वांत जास्त माणसं घसरतात, म्हणून इथे वेळ घ्या.

वहीतल्या वाक्यांपुढे खूण करा. जे वाक्य जग कसं आहे ते सांगतं, त्यापुढे ‘व’ (वस्तुस्थिती). जे काय चांगलं, काय योग्य ते सांगतं, त्यापुढे ‘मू’ (मूल्य). आणि जे कुठल्याच निरीक्षणाने सिद्ध किंवा असिद्ध होईल असं वाटत नाही (आत्मा अमर आहे, सगळं आधीच ठरलेलं आहे), त्यापुढे ‘त’ (तत्त्वविचार). एका वाक्यात दोन खुणा येत असतील तर त्याची दोन वाक्यं करा.

कपाशीतली फरदड बघा. वेचणी संपल्यावरही पाणी देऊन पीक उभं ठेवायचं आणि आणखी थोडा कापूस काढायचा. कृषी विभाग वर्षानुवर्षं सांगतो की फरदड घेऊ नका, गुलाबी बोंडअळीला तिथे खाद्य आणि आसरा मिळतो आणि पुढच्या हंगामात ती जास्त येते. हे ‘व’ वाक्य झालं. ते खरं की खोटं हे शेतात पाहून ठरतं.

आता लोक पुढे म्हणतात, ‘म्हणून फरदड घेणं चूक आहे.’ हे वरच्या वाक्यातून आपोआप निघत नाही. मधे एक वाक्य लपलेलं आहे: ‘माझ्या चार पैशांसाठी शेजाऱ्याचं पीक धोक्यात घालणं योग्य नाही.’ ते ‘मू’ आहे आणि त्याला वेगळं समर्थन लागतं. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७३९-४० च्या आपल्या ग्रंथात नेमकं याच उडीवर बोट ठेवलं: ‘आहे’वरून ‘असायला हवं’कडे लोक नकळत कसे सरकतात.

पारावरचं भांडण आठवून पाहा. एक जण बोंडअळीबद्दल बोलत असतो. दुसरा मनात म्हणत असतो, ‘मला पैसा हवाय, शेजाऱ्याचं मी का बघू?’ दोघंही अळीवरच बोलत राहतात आणि दोन तास जातात. मधलं वाक्य उघडं केलं असतं तर मतभेद कुठे आहे ते दोन मिनिटांत दिसलं असतं.

तपासा: प्रत्येक ‘म्हणून’च्या आधी आणि नंतर कोणती खूण आहे ते पाहा. आधी फक्त ‘व’ आणि नंतर ‘मू’ असेल, तर मधलं वाक्य राहिलंय. ते शोधून लिहा.

## ४. आधार विचारा

आता उजवं पान. प्रत्येक मतासमोर ते कुठून आलं ते लिहा. न्यायदर्शन चार प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळण्याचे मार्ग, मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. सुरुवातीला तीनच पुरतात: मी पाहिलं, मी त्यावरून ताडलं, कोणी सांगितलं.

बहुतेक मतांसमोर ‘सांगितलं’ असं येईल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नर्मदा कुठून निघते हे आपण पाहून मानत नाही. प्रश्न असतो सांगणारा कोण याचा. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने विश्वासार्ह माणसाची, म्हणजे आप्ताची, कसोटी दिली आहे: त्याला ती गोष्ट स्वतः नीट माहीत असावी आणि जशी आहे तशी सांगायची त्याची इच्छा असावी. ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखीच लागू आहे, असंही तो स्पष्ट म्हणतो. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. वय, जात, पदवी, भगवे कपडे, पांढरा कोट यांतलं काहीच या कसोटीत नाही. सातपुड्यातली पावरा या आदिवासी जमातीची बाई रानातल्या कंदाबद्दल सांगते तेव्हा ती आप्त आहे. व्हॉट्सअॅपवर आलेला थोर माणसाचा सुविचार, ज्याचा मूळ लेखक कोणालाच माहीत नाही, तो कसोटीच्या पहिल्याच अर्ध्या भागात पडतो.

खबरदारी: थोरांच्या वाक्यांपासून विशेष सांभाळा. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, आणि त्यातली वाक्यं इकडे अनेकांच्या तोंडी असतात. पण विनोबा त्या वाक्यापर्यंत ज्या विचाराने पोहोचले तो विचार तुम्ही केला नसेल, तर वहीत फक्त त्यांचं वाक्य आहे. उजव्या पानावर ‘विनोबांनी सांगितलं’ एवढंच लिहा आणि त्याखाली जागा सोडा.

## ५. तर्क तपासा

अनुमानाची पाच अवयवांची मांडणी शाळेत धूर आणि अग्नीच्या उदाहरणाने शिकवतात आणि सगळे विसरून जातात. ती आपल्या मतांवर चालवून पाहा. केळीचंच घेऊ.

प्रतिज्ञा: माझी बाग साधली ती माझ्या कष्टाने. हेतू: कारण मी पाणी, खत, फवारणी सगळं वेळेवर केलं. उदाहरण: जिथे जिथे असे कष्ट, तिथे तिथे यश. उपनय: तसे कष्ट इथेही होते. निगमन: म्हणून हे यश कष्टाचं.

कस लागतो तिसऱ्या ओळीवर. शेजाऱ्यानेही पाणी-खत वेळेवर दिलं होतं, तरी वादळात त्याची बाग गेली. म्हणजे हेतू (दिलेलं कारण) आहे आणि साध्य (जे सिद्ध करायचं ते) नाही. अशा हेतूला ‘सव्यभिचार’ म्हणतात. आता उलट बाजू पाहा: ज्याला वडिलांची काळी जमीन आणि बारमाही पाण्याची विहीर मिळाली, त्याचं निम्म्या कष्टातही साधतं. म्हणजे कष्ट पुरेसेही नाहीत, आणि तेवढेच लागतात असंही नाही. ते अनेक कारणांतलं एक आहेत.

मग सगळं नशीबच का? तेही तपासा. एक गोष्ट असताना परिणाम असतो का आणि ती नसताना तो नसतो का, हे दोन्ही पाहायचं, म्हणजेच अन्वय आणि व्यतिरेक. ज्या बागांच्या बांधावर वारा अडवायला दाट शेवरी होती, त्या कमी पडल्या का? शेवरी नसलेल्या जास्त पडल्या का? गावातल्या दहा बागा हिंडून बघता येतात. फरक दिसला, तर ज्याला ‘नशीब’ म्हणत होतो त्यातला काही भाग आपल्या हातात होता. नाही दिसला, तर तसं लिहा.

एका बागेवरून नियम काढू नका, हे वेगळं सांगायला नको.

## ६. विरुद्ध बाजू तुम्हीच लिहा

आपल्या ग्रंथांची जुनी शिस्त आहे: आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, मग सिद्धान्त, म्हणजे आपलं मत. तुमच्या सर्वांत लाडक्या मताविरुद्ध एक पान लिहा, इतकं चांगलं की ते वाचून तुमचा न पटणारा सोबती म्हणेल, ‘मला हेच म्हणायचं होतं.’ तो असं म्हणेपर्यंत ही पायरी पूर्ण झालेली नाही.

चर्चेला बसताना कोणत्या प्रकारची चर्चा चाललीय यावर लक्ष ठेवा. खरं काय ते कळावं म्हणून केलेला तो वाद. जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची पाडत राहायची ती वितंडा. आवाज चढला, जुनं काढलं जाऊ लागलं, ‘तुमच्या लोकांचं’ हा शब्द आला, की त्या दिवशी वही मिटा आणि चहा प्या.

नेहमीची चूक: भांडण टाळायला ‘सगळ्यांचंच आपापल्या जागी बरोबर’ म्हणून सुटणं, आणि वर जैनांच्या अनेकान्तवादाचं नाव घेणं. अनेकान्तवाद असं म्हणत नाही. कोणत्या दृष्टीने, कोणत्या मर्यादेत विधान खरं आहे ते सांगा, अशी त्याची मागणी आहे. विधानाआधी ‘स्यात्’ (एका दृष्टीने) लावणं म्हणजे जास्त काटेकोर होणं. तुम्हीही ‘एका दृष्टीने बरोबर’ म्हणालात, तर ती दृष्टी पुढच्याच वाक्यात लिहा.

## ७. मतं एकमेकांशी जुळवा

आतापर्यंत एकेक मत तपासलं. आता सगळी समोर मांडा. एक मत बदललं की कोणती दुसरी हलतात ते बघा. ‘कष्ट हे अनेक कारणांतलं एक’ हे मान्य केलंत, तर ‘त्यानं लक्षच दिलं नाही’ हे वाक्य चौकशीशिवाय म्हणता येणार नाही. पीकविम्याची भरपाई घेणारा फुकटखाऊ, हे मतही पुन्हा तपासावं लागेल. बहुतेक लोक पहिलं बदलतात आणि बाकीची तशीच ठेवतात.

मूल्यांची जुळवणी तत्त्व आणि प्रसंग यांच्यात ये-जा करून होते. जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१ च्या न्यायावरच्या ग्रंथात ही रीत मांडली: तत्त्व एखाद्या प्रसंगात अगदीच चुकीचं उत्तर देत असेल तर तत्त्व दुरुस्त करा, आणि प्रसंगाबद्दलचं मत नुसतं सवयीचं असेल तर ते सोडा. त्याचीच दुसरी एक कसोटी आपल्याकडे चपखल लागू पडते. सालदाराची, म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेल्या शेतगड्याची, बोली ठरवताना अशी कल्पना करा की तुम्ही मालक आहात की सालदार हे तुम्हाला माहीतच नाही. वर्षाची रक्कम, आजारपणातले खाडे, उचल, घरच्या कार्याला सुट्टी या अटी तेव्हाही मान्य असत्या का? नसत्या, तर वहीतलं ‘मी न्यायाने वागतो’ हे वाक्य लाल शाईने अधोरेखित करा.

तपासा: सगळी मतं पहिल्याच बैठकीत जुळली तर बहुधा काहीतरी लपवलं गेलंय. दोन-तीन विसंगती उरणारच. त्या ‘न सुटलेलं’ अशा मथळ्याखाली वेगळ्या पानावर ठेवा.

## ८. आता लिहा

दोन पानांत बसेल एवढंच. आधी ‘व’ वाक्यं, मग ‘मू’, मग ‘त’, आणि शेवटी ‘न सुटलेलं’. प्रत्येक वाक्यापुढे कंसात आधार, आणि किती खात्री आहे ते: पक्कं, बरंचसं, डळमळीत. ‘व’ वाक्यासमोर एक जास्तीची ओळ हवी: काय दिसलं तर मी हे सोडेन? या ओळीत काहीच लिहिता आलं नाही, तर ते वाक्य बहुधा ‘त’मध्ये हलवायला हवं. अद्वैत, नास्तिकता, गांधीवाद यांतलं नाव तुमच्या मतांना चपखल बसत असेल तर आता लावा. बसत नसेल तर ती जागा कोरी सोडा. तसं करायला हरकत नाही.

‘त’ वाक्यं कमी आणि डळमळीत राहिली तरी घाबरू नका. ती घाईने पक्की करण्याचा दबाव बाहेरूनच येतो.

फेरतपासणीसाठी आखाजी (अक्षय्य तृतीया) चांगली. त्या सुमाराला शेतीचं नवं वर्ष धरतात, जुना हिशेब मिटतो, सालदाराशी नवी बोली होते आणि वर्षभराचे निर्णय डोळ्यांसमोर ताजे असतात. पहिली पायरी पुन्हा करा: पाच नवे निर्णय, ‘म्हणजे मी असं मानतो की…’, आणि ही वाक्यं त्या दोन पानांशी ताडून पाहा. जुळली नाहीत तर कागद बदलायचा की वागणं, हे प्रत्येक वाक्याचं वेगळं ठरवा. जुनं वाक्य खोडताना एकच आडवी रेघ मारा, म्हणजे ते वाचता येईल, आणि शेजारी तारीख व कारण लिहा.